स्पॅनिशमधली 'बेंताना' आणि आपलं 'जनेल': दोन्ही लॅटिनचीच लेकरं, मग जुळत का नाहीत?

जांभळी_वेल (फोंडा):

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकते.

मी चार महिन्यांपासून स्पॅनिश शिकतेय. कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, सीझनमध्ये स्पेनचे, अर्जेंटिनाचे पाहुणे असतात, म्हणून क्लास लावला. सुरुवातीला फार सोपं गेलं कारण आपण गोंयकार, घरातल्या निम्म्या वस्तूंची नावं पोर्तुगीजमधून आलेली, म्हणजे आपलं मेज ते तिकडे मेसा, आपला पाव तिकडे पान, इगर्ज ती इग्लेस्या, आणि पगार तर चक्क पागार, फक्त तिकडे ते पैसे चुकते करण्याचं क्रियापद आहे. चावीला याबे म्हणतात ते आधी कळलं नव्हतं, पण सरांनी सांगितलं की चावी आणि याबे दोन्ही लॅटिनच्या क्लाविस वरून, तेव्हा तेही पटलं.

मग गेल्या आठवड्यात घराचा धडा आला आणि खिडकीला शब्द निघाला बेंताना. लिहिताना व्ही, म्हणताना ब. मी आपली जनेलसारखं काहीतरी येणार म्हणून पेन उघडून बसलेले. आजोळी सावईवेऱ्याला आजी अजून रोज तिन्हीसांजेला ओरडते, "जनेल धांप गो, वारें येता," धांप म्हणजे बंद कर. ते जनेल म्हणजे पोर्तुगीजांचं झनेला हे लहानपणापासून माहीत आहे. मग स्पॅनिश आणि पोर्तुगीज इतक्या सख्ख्या शेजारणी, टेबल एक, पाव एक, चर्च एक, आणि खिडकीच तेवढी वेगळी? वर माझी फ्रेंच शिकलेली मैत्रीण म्हणते त्यांच्यात तिसराच शब्द आहे, फनेत्र. तीन बहिणी आणि एका खिडकीला तीन नावं!

मूळ लॅटिन शब्द नक्की कुठला आणि बेंताना कुठून आली? कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा, नुसतं 'लॅटिनवरून आलाय' एवढं नको.


पाटो_पुलाजवळ (पणजी):

स्पॅनिशमध्ये बेंता म्हणजे विक्री, हे मी फुटबॉलच्या बातम्या वाचून शिकलोय, खेळाडू विकला की तोच शब्द येतो. पूर्वी दुकानाच्या खिडकीतून माल विकायचे त्यावरून बेंताना असेल असं मला वाटतं. तिकिटाच्या खिडकीला पण ते बेंतानिया म्हणतात ना.


शब्दांचो_सांगाती (मडगाव):

पाटोवाले भाऊ, विचार चांगला आहे पण हे दोन शब्द फक्त दिसायला सारखे आहेत, घराणी वेगळी. विक्रीचं बेंता आलं लॅटिनच्या वेंदेरे वरून, वेंदेरे म्हणजे विकणे, इंग्रजीत व्हेंडर म्हणतात तो त्यातलाच. तिथं मुळात द आहे. बेंताना आली वेंतुस वरून, आणि वेंतुस म्हणजे वारा. बेंतानिया बद्दल तुमचं बरोबर, तिकिटाच्या नाहीतर बँकेच्या खिडकीला तेच म्हणतात आणि विमानाच्या खिडकीलाही, पण ते नुसतं बेंतानाचं लहान रूप, विक्रीशी संबंध नाही.

तर बेंताना म्हणजे मुळात वारा यायची जागा. आधी ह्या शब्दाचा अर्थ घराची खिडकी असा नव्हताच, हवा आत-बाहेर करणारं कुठलंही भोक, झरोका, एवढाच होता. त्याचा पुरावा अजून भाषेत शिल्लक आहे, स्पॅनिशमध्ये नाकपुडीला 'बेंताना दे ला नारीस' म्हणतात, नाकाची खिडकी! आणि गंमत बघा, पोर्तुगीजमध्ये ह्याच घराण्यातला वेंता हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ नाकपुडी एवढाच. म्हणजे शब्द पोर्तुगीजांकडेही होता, पण त्यांच्याकडे तो नाकातच राहिला, स्पॅनिशमध्ये तो नाकातून निघून भिंतीत जाऊन बसला.

आता ह्या वेंतुसचा गोतावळा सांगतो कारण जांभळी_वेल ह्यांनी सविस्तर मागितलंय. वाऱ्याला स्पॅनिशमध्ये ब्येंतो, पोर्तुगीजमध्ये वेंतु. पंख्याला बेंतिलादोर, इंग्रजी व्हेंटिलेशन, व्हेंटिलेटर सगळे त्याच ओळीतले. आबेंतार म्हणजे भात उफणणे, वाऱ्यावर धरून कोंडा उडवायचा ते. बेंतोसिदाद म्हणजे पोटातला वात, आयुर्वेदवाले वात म्हणतात अगदी त्याच अर्थानं. आणि बेंतोसा म्हणजे अंगाला लावायची तुंबडी, जुने वैद्य लावायचे ती. लॅटिनमध्ये तिचं पूर्ण नाव कुकुर्बिता वेंतोसा, वाऱ्याचा दुध्या म्हणा ना. आपल्याकडेही तुंबडी हा शब्द तुंब्यावरून, म्हणजे वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यावरून. तिकडचे वैद्य आणि इकडचे वैद्य दोघांच्या हातात तीच वस्तू होती, नाव वेगळं कसं पडणार!

एक गोष्ट शिकताना उपयोगी पडेल ती सांगतो. ब्येंतो मध्ये 'ये' आहे पण बेंताना मध्ये साधा 'ए', असं का ते क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत. लॅटिनमधला ऱ्हस्व ए, त्याच्यावर आघात पडला की स्पॅनिशमध्ये तो फुटून ये होतो, आघात पुढे सरकला की जसाच्या तसा राहतो. ब्येंतो मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, बेंताना मध्ये 'ता' वर. सात म्हणजे स्येते, पण सत्तर सेतेंता. ओ चं पण असंच, दार प्वेर्ता, पण दारवान पोर्तेरो, आणि नऊ न्वेबे, पण नव्वद नोबेंता. आपण मराठीत नाही का फूल म्हणतो आणि लगेच फुलाला, दूध पण दुधात, शेपूट लागलं की आतला स्वर बदलतो, तोच प्रकार समजा. पोर्तुगीजांनी ही भानगड केलीच नाही, त्यांचं वेंतु, पोर्ता, सेते सरळ आहे, म्हणून आपल्या कोकणीत आलेले शब्द वाचताना सोपे वाटतात आणि स्पॅनिशमध्ये तेच शब्द तोंड वाकडं करून येतात.

आणि ब्येंत्रे म्हणजे पोट, ते वाऱ्याचं नाही हां, ते लॅटिन वेंतेर वरून. आबेंतुरा म्हणजे साहस, ते वेनिरे, येणे, ह्या धातूवरून. बेंत-बेंत दिसलं की सगळं वाऱ्यावर सोडू नका.


मांडवी_पलीकडे (बेती):

नाकाची खिडकी! हे आयुष्यात विसरणार नाही. पुढचं येऊ द्या, वाचतोय.


धेंपो_नव्हे_साधो (वास्को):

वरच्या उत्तराला जोडून लिहितो. जांभळी_वेल ह्यांचा पहिला प्रश्न राहिला, रोमन लोकांचा स्वतःचा शब्द कुठला. तो होता फेनेस्त्रा. तुमच्या मैत्रिणीचं फनेत्र त्याचीच सरळ मुलगी. इटालियनमध्ये फिनेस्त्रा, जर्मन लोकांनी उसना घेऊन फेन्स्टर केलं, डच वेन्स्टर, स्वीडिश फोन्स्टर. म्हणजे लॅटिनच्या घरातले लोक शब्द सोडून गेले आणि बाहेरच्यांनी तो उचलून आपल्या भिंतीत बसवला. प्राग शहरात १६१८ साली बादशहाच्या अधिकाऱ्यांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं आणि त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं, त्या फेकण्याला इतिहासात डीफेनेस्ट्रेशन म्हणतात, तो शब्द ह्याच फेनेस्त्राचा.

स्पॅनिशमध्येही फेनेस्त्रा होता बरं का. जुन्या स्पॅनिशमध्ये फिन्येस्त्रा आणि नंतर इन्येस्त्रा असा सापडतो. हा सुरुवातीचा फ कुठं गेला म्हणाल तर ती स्पॅनिशची जुनी खोड, शब्दाच्या तोंडचा फ आधी ह झाला आणि मग तोही उच्चारातून गेला, लिहिताना तेवढा एच राहिला. लॅटिन फारिना म्हणजे पीठ, पोर्तुगीज फरीन्य, स्पॅनिश आरिना. लोखंड फेर्रुम, पोर्तुगीज फेर्रु, स्पॅनिश येर्रो. मुलगा फिल्यु आणि इखो. तुम्हाला एखादा पोर्तुगीज शब्द फ नं सुरू होणारा माहीत असेल तर स्पॅनिशमध्ये त्याचा फ काढून बघा, बऱ्याच वेळा काम होतं, नेहमी नाही, कारण आग तिकडे फ्वेगोच राहिली.

मध्ययुगात हळूहळू बेंतानानं ह्या इन्येस्त्राला बाजूला सारलं. पोर्तुगीजमध्ये फेनेस्त्रा झिजत झिजत फ्रेश्ता झाली आणि तिचा अर्थ आता फट, चीर, भिंतीतली अरुंद उभी खाच.

आणि ज्याला हे तिन्ही एका ठिकाणी बघायचेत त्यानं गालिसियाची भाषा बघावी. स्पेनचा वायव्येचा कोपरा, पोर्तुगालच्या डोक्यावर. तिथं खिडकीला फ्येस्त्रा चालतं, शानेला चालतं आणि बेंता पण चालतं (शेवटच्या अक्षरावर जोर देऊन). एकाच गावात तिन्ही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पेडणे-सावंतवाडीच्या वाटेवरची गावं आठवली, एकाच घरात एक जण मराठी शब्द बोलतो, दुसरा कोकणी, तिसरा तिसरंच काही आणि सगळ्यांना सगळं कळतं.


जांभळी_वेल (फोंडा):

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. तुंबडीचं वाचून मी आजीला फोन केला, ती म्हणाली तिच्या आजोबांकडे होती, पितळेची.

म्हणजे बेंताना वाऱ्याची आणि फनेत्र अस्सल रोमन हे कळलं. पण आपलं जनेल अजून राहिलंच की. झनेला कुठल्या लॅटिनमधून? ते ना फेनेस्त्रासारखं दिसतं ना वेंतुससारखं.


मळ्यांतलो_पांय (रायबंदर):

हे माझ्या आवडीचं आहे, मी लिहितो.

लॅटिनमध्ये यानुआ म्हणजे दार, घराचं बाहेरचं दार. त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून बोलीतल्या लॅटिनमध्ये झालं यानुएल्ला, छोटं दार, दारुलं म्हणा पाहिजे तर. त्याचंच पोर्तुगीजमध्ये झनेला आणि गोव्यात येऊन शेवटचा आ गळून जनेल. हे आ गळणं आपल्याकडे नेहमीचं, मेझाचं मेज, इग्रेझाची इगर्ज, झनेलाचं जनेल, एकाच साच्यातले.

आता यानुआचं सोयरं ऐका. यानुस हा रोमन लोकांचा दाराचा देव, दोन तोंडांचा, एक आत बघणारं एक बाहेर बघणारं. वर्षाच्या दारावरचा महिना त्याच्या नावानं, यानुआरियुस. त्याचं पोर्तुगीजमध्ये झनैरु आणि कोकणीत जानेर. म्हणजे तुमच्या आजीचं जनेल आणि कॅलेंडरवरचा जानेर हे एकाच घराण्यातले, आणि मराठीतली जानेवारीही त्यातलीच. मी कितीतरी वर्षं हे दोन शब्द रोज बोलत होतो, एकमेकांच्या शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं, ज्या दिवशी कळलं त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगत सुटलो. स्पॅनिशमध्ये हाच महिना एनेरो झाला, तोंडचं य पण गेलं. रिओ दी जानेरो म्हणजे जानेवारीची नदी, १५०२ च्या जानेवारीत पोर्तुगीज त्या खाडीत शिरले म्हणून. आणि इंग्रजीतला जॅनिटर म्हणजे मुळात द्वारपाल.

दारावरून खिडकीला नाव कसं पडलं असं वाटत असेल तर पणजीतल्या जुन्या फोंतेन्हास वस्तीतून एक चक्कर मारा. वरच्या मजल्यावरची जुनी जनेलां बघा, जमिनीपर्यंत खाली उतरलेली, दोन फळ्यांची, उघडली की पुढे वीतभर सज्जा आणि लाकडी नाहीतर लोखंडी कठडा. ती उघडताना माणूस दार उघडतो तशीच दोन्ही हातांनी उघडतो. शब्द काही फोंतेन्हासमुळे पडला नाही, तो त्याच्या कितीतरी आधी तिकडे लिस्बनच्या बाजूला तयार होता, पण ती जनेलां बघितली की छोटं दार का म्हटलं असेल ते सांगावं लागत नाही.

तुमच्या सरांनी चावीचं सांगितलं त्यात एक भर. आजच्या पोर्तुगीजमध्ये तो शब्द शाव असा ऐकू येतो, पण सोळाव्या शतकात ते लोक इथं उतरले तेव्हा सुरुवातीचा उच्चार च असा होता. त्यांनी नंतर बदलला, आपण आपला तसाच ठेवला.


पाटो_पुलाजवळ (पणजी):

जनेल आणि जानेर! मी विक्रीचं मागे घेतो, सांगाती भाऊ धन्यवाद, द आणि त चा फरक लक्षात ठेवीन.


निवृत्त_बाई (म्हापसा):

मी ३० वर्षं शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवलं, स्पॅनिश मला येत नाही, पण हे सगळं वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे बेंताना म्हणजे वाऱ्याची जागा म्हणून कौतुक करताय आणि आपल्या घरातला शब्द कुणीच काढला नाही. वातायन! वात म्हणजे वारा, अयन म्हणजे जाण्याचा मार्ग. खिडकीला संस्कृतमध्ये हा शब्द सर्रास आहे. बरं, नुसती कल्पनाच सारखी नाही. वात आणि लॅटिनचा वेंतुस हे एकाच मुळापासून निघालेले सख्खे शब्द आहेत. वा म्हणजे वाहणे, फुंकणे हा धातू, त्यावरून वायू, वात, आणि निर्वाण सुद्धा, फुंकर लागून विझणं. लॅटिनमधला न संस्कृतमध्ये का दिसत नाही असं कुणी विचारेल तर शंभराचा शब्द बघा, लॅटिन केंतुम आणि संस्कृत शत, तिथंही न गेलाय आणि अ राहिलाय. ऋग्वेदात काही ऋचांमध्ये छंद बसवायचा तर वात हा शब्द दोन नाही, तीन अक्षरांचा म्हणावा लागतो, मधला आ लांबवून, दोन तुकडे करून. तिथं जुन्या रूपाची खूण अजून राहिली आहे. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे व्हायचे.

आणि स्पॅनिश लोक व चा ब करतात त्याचं तुम्हाला नवल वाटतंय, पण आपल्याकडे बंगाली माणूस काय करतो? वन चं बन, वायू चा बायू. तेव्हा बेंताना हा वातायनाचा लांबचा भाऊ कुणीतरी बंगालीत म्हटल्यासारखा.

आता आपली खिडकी. हा शब्द जुन्या खडक्किका वरून आला आणि त्याचा अर्थ बाजूचं किंवा मागचं छोटं दार. गुजरातीत खडकी अजून दाराच्याच अर्थानं आहे. म्हणजे रायबंदरच्या भाऊंनी सांगितलं तसं पोर्तुगीज लोक छोटं दार म्हणाले आणि मराठी माणूसही छोटं दारच म्हणाला, एकमेकांना न विचारता. तुमच्या सावईवेऱ्याच्या घरात आजी जनेल म्हणते आणि तुम्ही खिडकी म्हणत असाल, दोघी एकच बोलताय.

तिसरी एक कल्पना आहे, डोळ्याची. गवाक्ष म्हणजे गाईचा, बैलाचा डोळा, गोल झरोका. आणि इंग्रजी विंडो हा शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, विंदौगा, वाऱ्याचा डोळा. त्यात वारा पण आला आणि डोळा पण.

गोव्यात बसून ह्या विषयावर बोलतोय म्हणून एक सांगायलाच हवं. संस्कृत आणि लॅटिनचं नातं म्हटलं की सगळी पुस्तकं १७८६ आणि विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं भाषण सांगतात. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी ही गोष्ट आपल्या साष्टीत राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सच्या लक्षात आली होती. १५७९ साली तो गोव्यात आला, आणि १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं लिहून ठेवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. पुढे त्यानंच मराठीत ओव्या लिहिल्या, हजारोंनी. त्याच दशकात फिलिप्पो सासेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा एक व्यापारी ह्या किनाऱ्यावर होता, त्यानं इटालियन आणि संस्कृतमधले सारखे शब्द टिपले, देव, सर्प, सात, आठ, नऊ. तो १५८८ साली गोव्यातच वारला. शाळेच्या पुस्तकात ह्या दोघांबद्दल एक ओळ असती तर मला फार बरं वाटलं असतं.


शब्दांचो_सांगाती (मडगाव):

बाई, नमस्कार. वातायन माझ्या डोक्यात यायला हवं होतं, नाही आलं. सासेत्ती गोव्यात वारला हे तर मला आजच कळलं.


करवत_आणि_रंधो (चांदर):

शब्दांतलं मला फार कळत नाही पण खिडक्या मी हातानं करतो, बापाकडून शिकलो, जुन्या घरांची कामं घेतो, म्हणून दोन ओळी.

इथं काच येण्याआधीची आणि नंतरचीही बरीच वर्षं गोव्यात जनेलांना शिंपल्यांची तावदानं असायची. तो शिंपला चपटा असतो, जवळजवळ पापडासारखा, आमच्या जुवारी नदीत चिखलीच्या बाजूला अजून मिळतो. त्याच्या कडा कातरून चौकोनी तुकडे करायचे, दोनेक इंच रुंद आणि तीनेक इंच उंच, आणि लाकडाच्या बारीक पट्ट्यांना खाचा पाडून त्यात वरून सरकवत न्यायचे. डिंक नाही, खिळा नाही. दुरुस्तीला घेतलेल्या झडपेत मला सगळ्यात जपावं लागतं ते त्या पट्ट्यांना, शंभर वर्षांचं लाकूड ओढलं की तुटतं, आणि एक पट्टी गेली की वरची सगळी रांग खाली येते. एक शिंपला बदलायचा तर ती आख्खी रांग काढून परत भरावी लागते.

त्यातून पलीकडचं काही दिसत नाही, पण उजेड येतो, दुधासारखा, दुपारच्या उन्हात पण डोळ्याला लागत नाही. आणि पावसाळ्यात सगळं बंद करून बसलं तरी शिंपल्यांच्या मधल्या फटीतून वारा थोडा थोडा येत राहतो, खोलीत कुबट वास धरत नाही. परवा एका घरमालकानं सगळे शिंपले काढून काच लावायला सांगितली, केलं काम, पण ऑगस्टमध्ये गेलो तर कपाटाच्या मागच्या भिंतीला बुरशी आलेली. तुम्ही वर बेंताना म्हणजे वाऱ्याची म्हणताय ते मला त्या घरात उभं राहून एकदम पटलं असतं.


धेंपो_नव्हे_साधो (वास्को):

ह्या शिंपल्याचं शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा. लॅटिनमध्ये प्लाकेंता म्हणजे चपटी पोळी, त्यावरून. बाळाच्या वारेला पण तोच शब्द लावतात, तीही चपटी गोल असते म्हणून. जनेल लॅटिनचं आणि त्यातला शिंपला पण लॅटिनची पोळी.


जांभळी_वेल (फोंडा):

शनिवारी आजोळी जाऊन आले आणि तुमचं सगळं आजीला वाचून दाखवलं. तिला जनेल आणि जानेरचं फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. नाकाच्या खिडकीचं मात्र तिला आधीपासून ठाऊक असल्यासारखं ती मान हलवत होती, म्हणाली श्वास नाहीतर कुठून घेणार.

आणि मग तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन चुलीच्या वरची भिंत दाखवली. आढ्याच्या खाली, हात पुरत नाही इतक्या उंच, एक भोक आहे, साधारण नारळ जाईल एवढं, कडेला काजळी धरून गुळगुळीत काळं झालेलं. ना चौकट, ना झडप, ना गज. धूर जायला आणि वारा यायला. मी इतकी वर्षं त्या खोलीत जेवले, ते कधी नीट बघितलं नव्हतं. सांगातीदादांनी लिहिलेलं आठवलं, की बेंताना म्हणजे आधी नुसतं हवेचं भोक. मी आजीला विचारलं ह्याला तू काय म्हणतेस, जनेल का. ती म्हणाली जनेल कशाला, जनेल धांपतात, हें बुराक, हें केन्नाच धांपिनात.

बुराक पण पोर्तुगीजच ना? बुराकु म्हणजे भोक, एवढं मला माहीत आहे. स्पॅनिशमध्ये भोकाला काय म्हणतात, पुढच्या धड्यात नाहीये.


शब्दांचो_सांगाती (मडगाव):

हो, बुराकु पोर्तुगीजच. स्पॅनिशमध्ये आगुखेरो. आगुखा म्हणजे सुई, लॅटिनमध्ये सुईला आकुस, त्याचं लहान रूप आकुकुला, त्यावरून आगुखा. सुईनं पडतं ते आगुखेरो, मग पुढे नारळाएवढं झालं तरी नाव तेच. आजींच्या त्या भोकाचा फोटो असेल तर टाका.